मोहाखालची आग

साजाटोला, ता. सालेकसा
४ मार्च २०२५

आत्या,

पाया पडते. तुझा डावा कानही आता गेला असं बाबूजींनी सांगितलं. मागच्या फोनवर मी इकडून ओरडत होते आणि तू तिकडून "कोण बोलते, कोण बोलते" एवढंच म्हणत होतीस. शेवटी शेजारची कोंबडी घाबरून छपरावर चढली. म्हणून आता पत्र. तुझ्या गावचा पोस्टमन तुला ओळखतो, एवढं पुरे.

मागणं एकच आहे. जुन्या सुती साड्या पाठव. फाटक्या चालतील.

पंधरा दिवसांत मोह गळायला लागेल. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून सगळे झाडाखालचा पाला पेटवतात, तुला काय सांगायचं! या वर्षी आम्ही पाच जणी पेटवणार नाही. खराट्याने खालची जागा झाडायची आणि साड्या अंथरायच्या. माझ्या वर्गातली दुर्गेश्वरी आहे ना, ती आणि मी दोन रविवार फिरून गावाभोवतालचे मोह मोजले. एकशे सदतीस निघाले. त्यात आमच्या वयाचा एकही नाही आत्या! सगळे आजोबांच्या वयाचे. बी पडतं, उगवतं, आणि पुढच्या मार्चात आगीत जातं. ही म्हातारी झाडं गेली की मोह संपला.

आणि मागच्या एप्रिलची आग तर आहेच. नाल्याकडून उठली आणि टेकडीची सगळी अलीकडची बाजू खाऊन गेली. तितरांची पिल्लं होती, एक घोरपड आम्हाला अर्धी जळलेली सापडली. आग मुन्नालालकाकाने लावली हे आता सगळ्या गावाला माहीत आहे. मी स्वतः त्याला पहाटे काडीपेटी घेऊन टेकडीकडे जाताना पाहिलं होतं, आणि ग्रामसभेत उभी राहून तसं सांगितलं. मंदाबाईने तर त्याला गवत पेटवतानाच पाहिलं. त्यावर तो काय म्हणाला माहीत आहे? "आग अडवाले आग लावली." असं कोणी करतं का? त्याचं स्वतःचं धानाच्या तणसाचं ढिगार, ढोरांचा वर्षाचा चारा, जळालं, तेव्हा शिक्षा तिथेच झाली असं लोक म्हणतात. जंगलखात्याने त्याला दोनदा बयानाला बोलावलं. मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं, तर पंगतीला अर्धं गाव गेलं नाही. आम्हीही नाही गेलो.

बाबूजींना साड्यांचं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते काहीच बोलले नाहीत. नुसते "कर" म्हणाले.

तुझी,
टीना


केशोरी
११ मार्च

टीना,

आशीर्वाद. शेजारचा गुलाबचंद गोंदियाले जाऊन राहिला, त्याच्या हाती गाठोडं देऊन राहिली. चौदा साड्या आहेत. त्यात एक माझ्या लग्नातली आहे. रडू नको, तिले उंदरानं आधीच खाल्लं होतं.

ऐक आता. साडी सपाट अंथरशील तं वारा उचलून नेईल. चारही कोपऱ्याले दगड ठेवजो. उताराच्या झाडाखाली खालची कड थोडी उचलून बांधजो, नाई तं फुलं घरंगळत नाल्यात जातात. नायलॉनवर मोह घाम धरते, आंबते. सुती बरी. दहाच्या आत उचलजो, मंग गाई येतात आना साडीसकट खातात. झाडलेला पाला खोडापासून दूर टाकजो. आना एखादा रोपटा दिसला तं त्याले काट्याचं कुंपण करजो, तीन काड्या खोचल्या तरी बकरी तोंड लावत नाई. मोहाची सगळी टोरी वेचून तेलाले नको नेऊ, थोडं बी झाडाखाली राहू दे.

इकडं मीही भांडण करून राहिली. आमच्या बाजूचे पोट्टे शेताच्या धुऱ्यावर तणनाशक मारून राहिले होते. मी म्हटलं, माझ्या धुऱ्याले हात लावशील तं पंप नाल्यात फेकीन. धुऱ्यावरची भाजी मी खातो, बेडूक तिथंच बसते आना धानावरचे किडे खाते. त्याईचं उत्तर मले ऐकू नाई आलं. बहिरं असण्याचा हाच फायदा.

आता मुन्नालालचं. तू शिकलेली पोरगी, म्हणून इचारतो. तू त्याच्या हातात काडी पाहिली का आग पाहिली? आमच्या वक्ताले गावातल्या हरेक माणसाच्या कमरेले काडीपेटी राहे. आना आग अडवाले आग लावतात बापा. माझे बाबूजी, म्हणजे तुझे आजोबा, लावत. मोठी आग येऊन राहिली का तिच्या वाटेवरचं गवत आपणच आधी जाळायचं. मंग तिले खायाले काही रायत नाई, ती जागच्या जागी मरते. ज्याले येते तोच करू शकते. तुझ्या गावात आता किती जणाले येते, इचारून पाय.

तुझा बाप केशो काऊन गप्प आहे? तो कधी गप्प रायत नाई.

आत्या


साजाटोला
२७ मार्च

आत्या,

साड्या मिळाल्या. तुझी लग्नातली साडी आम्ही सगळ्यात मोठ्या मोहाखाली अंथरली. पहिल्या दिवशी अख्खं गाव हसलं. "पोरीईनं जंगलात लग्नाचा मांडव घातला," असं ऐकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही फुलं घरी आणली तेव्हा हसणं थोडं कमी झालं, कारण आमच्या फुलांना राख नव्हती, माती नव्हती. आठव्या दिवशी तीन बायका साड्या घेऊन आल्या, विचारायला की दगड किती मोठे लागतात.

मंदाबाई मात्र ऐकेना. म्हणाली, "कंबर मोडली माझी, मी कायले झाडू? पाल्यात साप रायते. आग लावली का साप पळते." तिचं खोटं नाही. सत्तरीची बाई, तीन झाडं, घरात दुसरं कोणी नाही. मग दुर्गेश्वरी म्हणाली, "आजी, तुमची तीन झाडं आम्ही झाडून देतो. काडी आम्हाला द्या." तिने काडीपेटी दिली नाही, पण पेटवलंही नाही. आता रोज उजाडताच आम्ही तिची झाडं झाडतो आणि ती उंच दगडावर बसून आम्हाला शिव्या देत देत साप कुठे आहे ते बघते. एकदा खरंच धामण निघाली. मंदाबाईच ओरडली, "मारू नका वो, ती उंदीर खाते."

तिच्याच दुसऱ्या झाडाजवळ पाल्यात रातव्याची दोन अंडी दिसली. उघड्यावर, घरट्याशिवाय! पाखरू इतकं पाल्यासारखं की दुर्गेश्वरीचा खराटा त्याच्या अंगावर पडता पडता राहिला. तेवढी दोन हात जागा आम्ही झाडली नाही. मंदाबाई म्हणाली, "साठ वर्सं इथं आग लावून राहिली मी. आजवर किती जाळले असतील?" 

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी काडीपेटी पाहिली, मग थोड्या वेळाने धूर पाहिला. पण मंदाबाईने आग लावताना पाहिलं की! तू दोन्ही जोडून बघ. मी कुणावर उगीच आळ घेत नाही. या वर्षी मुन्नालालकाकासुद्धा त्याची झाडं झाडतोय, एकटाच. आम्ही गेलो की मान खाली घालतो. ज्याने काही केलं नाही तो मान खाली का घालेल?

बाबूजी या वर्षी एकदाही मोहाला आले नाहीत. धानाला पाणी सोडायचं आहे म्हणतात. पाणी तर रविवारीच सोडून झालं. पुढच्या आठवड्यात तुमच्या गावातल्या लग्नासाठी ते तुझ्याकडे येत आहेत. त्यांना खायला घाल, वाळले आहेत.

टीना


केशोरी
७ एप्रिल

टीना,

तुझी अंडी, तुझे खराटे, मंदाबाई, सगळं मी माझ्या घरधन्याले, तुझ्या मामाजीले, वाचून दाखवलं. ते म्हणे, "पोरगी सरपंच होते." मी म्हटलं, आधी बारावी होऊ द्या.

केशो आला होता. दोन दिवस राहिला. धड जेवला नाई. लग्नात बसला नाई. दुसऱ्या दिवशी माझ्यासंग धुऱ्यावर आला आना तिथं माझ्या कानाजवळ तोंड आणून बोलला. माझ्याशी बोलाले ओरडा लागते, तरी तो हळूच बोलला. मी अर्धं ऐकलं, अर्धं त्याच्या तोंडावरून समजलं.

मी तुले ते लिहीत नाई. माझ्या पत्रातून ते तुले समजावं, हे बरं नाई. तू त्याले एकच गोष्ट इचार. मागच्या साली आग लागली त्या पहाटे तो कुठं होता. धानाकडं होता म्हणाला तं पुन्हा इचार.

आना तोवर मुन्नालालचं नाव तोंडात घेऊ नको.

आत्या


साजाटोला
२० एप्रिल

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं आणि तुझ्यावर रागावले. मग बाबूजींना विचारलं. आम्ही दोघेच होतो, ते बैलाचा दोर वळत होते.

"बाबूजी, मागच्या वर्षी आग लागली तेव्हा तुम्ही कुठं होते?"

"धानाकडं."

"पुन्हा सांगा."

त्यांनी दोर खाली ठेवला. म्हणाले, "नाल्याजवळच्या मोठ्या मोहाखाली पाला पेटवला. फांदीनं मारून इझवला. वाटलं, इझला. घरी आलो, भाकर खाल्ली. वापस जाऊन पायतो तं वारा सुटला होता आना आग वर चढली होती. मले काही सुचलं नाई टीना. मी धानाकडं पळालो. लपलो म्हण."

"आणि मुन्नालालकाका?"

"मी पळून राहिलो तेव्हा तो समोरून आला. त्यानं मले पाहिलं. काही बोलला नाई. आगीकडं पाहिलं आना गावाकडं धावला."

आत्या, मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी उठून थेट मुन्नालालकाकाकडे गेले. वर्षभरात त्याच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. त्याची बायको मला बघून आत गेली. तो खाटेवर बसला होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, काका, त्या दिवशी काय झालं ते सांगा. तो म्हणाला, "एक साल झालं सांगून. तेव्हा कुठं होती?"

मी म्हणाले, "समोरच होते. ऐकलं नाही."

मग त्याने सांगितलं. पहाटे तो ढोरं सोडायला निघाला होता, काडीपेटी बिडीसाठी. नाल्याकडून धूर दिसला म्हणून वर गेला. आग पाहून परत धावला आणि गावाच्या कडेचं गवत पेटवत गेला, शेवटच्या घरापासून आपल्या गोठ्यापर्यंत. त्याच पट्ट्यात त्याच्या तणसाचं ढिगार होतं. हलवायला वेळ नव्हता. तेही पेटलं. वरून आग आली तेव्हा तिला खायला काही उरलं नव्हतं. तू लिहिलं होतंस तसंच. आत्या, कडेचं ते शेवटचं घर आमचं आहे.

"बाबूजींचं नाव काऊन नाही घेतलं?" मी विचारलं.

"चौथीपर्यंत एका बाकावर बसलो आम्ही. मले वाटलं, केशो आज सांगन, उद्या सांगन. मंग पोरीच्या लग्नाच्या दिवशी वाटलं, आता तरी तो येईन आना सांगन." मग माझ्याकडे वळला. "तुझं मले काही वाटलं नाई. पोरगी आहेस. जे पाहिलं ते सांगितलं."

पण मी ते पाहिलंच नव्हतं आत्या. तू म्हणालीस तेच खरं. मी काडी पाहिली होती.

१ मेला ग्रामसभा आहे. मी जिथे बोलले तिथेच उभी राहून परत घेणार. सगळं सांगणार, बाबूजींचंही. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, आपल्या घराचं नाव जाईल. बाबूजी म्हणतात, मुन्नालालच्या घरी जाऊन पाया पडतो, चारचौघांत नको. मी म्हणाले, बदनामी चारचौघांत झाली होती.

मी चुकत असेन तर लवकर लिही. नसेन तरी लिही.

टीना


केशोरी
२४ एप्रिल

टीना,

पत्र जलद जावं म्हणून मामाजीले अर्जुनीच्या पोस्टापर्यंत धाडलं.

तू चुकत नाई. पण एका गोष्टीत घाई करून राहिली. तू तुझं सांग. "मी जे पाहिलं नाई ते बोलली, मुन्नालालनं गाव वाचवलं, मी हात जोडतो." एवढं तुझं आहे. केशोचं त्याचं आहे. तू त्याच्या तोंडातून ते ओढून काढशील तं तो माफी मागणार नाई, फक्त पकडला जाईन. त्याले जागा ठेव. तो उठला नाई तं माझा भाऊ एवढाच होता म्हणून मी समजीन. पण तो उठते असं मले वाटते. लहानपणी त्यानं माझी शेळी हरवली होती, आठ दिवस लपवलं, मंग जेवताना ताट सरकवून बोलला. त्याले वेळ लागते, पण तो बोलते.

केशोले वेगळं पत्र लिहिलं नाई. हेच पत्र तुझ्याच हातानं त्याच्यासमोर उघडं ठेव. वाचायचं तं वाचन.

उन्हाळी धानाची कापणी लागली, मी येऊ शकत नाई. आली असती तरी मले काय ऐकू आलं असतं! तू सगळं लिहून पाठव. कोण कुठं बसलं होतं तेही लिही.

आत्या


साजाटोला
४ मे

आत्या,

कोण कुठं बसलं होतं ते आधी. शाळेच्या पटांगणात, कडुनिंबाखाली सरपंचबाईंची खुर्ची. बायका डावीकडे, त्यात पुढे मंदाबाई. पुरुष उजवीकडे. मुन्नालालकाका सगळ्यात मागे, कुंपणाला टेकून, नेहमीसारखा एकटा. बाबूजी मधल्या रांगेत. दुर्गेश्वरी माझ्या शेजारी, तिने माझा हात इतका दाबला की बोटं बधिर झाली.

झेंडा झाला, रस्त्याचं झालं, पाण्याचं झालं. मग मी उठले. तुझं वाक्य पाठ केलं होतं, पण ते आलं नाही. मी म्हणाले, "मागच्या वर्षी इथंच उभी राहून मी मुन्नालालकाकांनी आग लावली असं सांगितलं. मी ते पाहिलं नव्हतं. मी फक्त काडीपेटी पाहिली होती. काकांनी जी आग लावली ती गाव वाचवायला लावली, त्यात त्यांचं स्वतःचं तणस गेलं. आणि आपण सगळे त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. मी चुकले काका." आणि हात जोडले.

 मग मागून आवाज आला, "मंग पहिली आग लावली कोणं?" मी खाली बसले. तू सांगितलं होतंस म्हणून बसले, नाहीतर तोंडावर नाव आलं होतं. मी बाबूजींकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीकडे बघत राहिले. 

"मी," बाबूजी म्हणाले. ते उभे राहिले होते. "नाल्याजवळचा मोह. माझी आग होती. मुन्नालालले माहीत होतं, त्यानं माझं नाव घेतलं नाई. मी त्याच्यावर आळ येऊ दिला. सालभर."

गलका झाला. कोणी म्हणालं, आता कळलं पोरीला एवढं जंगल काऊन आठवलं. सरपंचबाईंनी टेबल वाजवलं. मग मंदाबाई उठली आणि सगळ्यांना गप्प केलं, तिच्या भाषेत, ती मी इथे लिहीत नाही. "आग कोणं नाई लावली?" ती म्हणाली. "हात वर करा, ज्यानं आजवर मोहाखाली काडी लावली नाई. करा ना वो!" कोणाचा हात वर गेला नाही. "एकाची वर चढली, आपली चढली नाई, एवढाच फरक."

मुन्नालालकाका कुंपणापासून पुढे आला. मला म्हणाला, "पोरी, तुझं माझं फिटलं." मग बाबूजींकडे वळला. "तणस पुढच्या साली होते केशो. जंगलखात्याची पायरी चढली, तेही विसरीन. पण माझ्या पोरीच्या पंगतीत तुझी जागा रिकामी होती. मी दोनदा जाऊन पाहिली." बाबूजी म्हणाले, "तिच्या सासरी जातो. तिच्यासमोर, तिच्या सासऱ्यासमोर सांगतो." काका म्हणाला, "जाजो." एवढंच. मिठी नाही, पाया पडणं नाही.

ठराव झाला, तो सांगते. यापुढे गावाच्या हद्दीत मोहाखाली कोणी पेटवायचं नाही. ज्यांना झाडणं जमत नाही त्यांची झाडं आम्ही अकरावी-बारावीची मुलं-मुली वाटून घेणार. आम्ही पाचांचे आता एकोणीस झालो आहोत. वाचलेल्या रोपट्यांना कुंपण, आणि दर घरी थोडं बी मागे सोडायचं. आणि आग अडवणं मुन्नालालकाकाने सगळ्यांना शिकवायचं. हे शेवटचं दुर्गेश्वरीने सुचवलं. काका म्हणाला, "शिकवतो. पण माझं ऐका लागन." पहिल्यांदाच लोक हसले, त्याच्यावर नाही, त्याच्यासोबत.

बाबूजी परवाच गेले, काकाच्या मुलीच्या सासरी. संध्याकाळच्या बसने परत आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईने दोनदा भाजी वाढली, दोन्हीदा खाल्ली.

काल सकाळी काका पंचवीस लोकांना घेऊन टेकडीवर गेला. तेंदूपत्ता तोडायला आठवड्याने लोक जंगलात जातील, त्याआधी वरच्या अंगाला पाल्याचा चार हात रुंद पट्टा साफ करायचा होता, तिकडून आग आली तर तिथेच थांबावी म्हणून. बाबूजी कोणी न बोलावता मागून आले. काकाच्या मागे पंधरा पावलांवर झाडायला लागले. उन्हं वर आली. दोघे एक शब्द बोलले नाहीत. मी मध्ये होते आणि माझं सगळं लक्ष त्यांच्याकडेच होतं, त्यामुळे माझा पट्टा वाकडा गेला.

बऱ्याच वेळाने काका थांबला, मागे वळला, बाबूजींच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि ओरडला, "केशो! चौथीतही असाच होता तू. अर्धा पाला तसाच सोडून राहिला. कोण झाडन तो, मी?"

बाबूजी म्हणाले, "झाडतो ना बापा." आणि मागे जाऊन तो सगळा पट्टा पुन्हा झाडला.

टीना